सांगलीत डीटीपीचं (कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर मांडून द्यायचं) दुकान टाकावं की घरूनच फ्रीलान्स डिझाईन?

गाळा_नं_७
मंडळी, प्रश्न सरळ आहे. कोरल, फोटोशॉप, इलस्ट्रेटर येतं, मराठी टायपिंग हातात बसलंय. हाताशी साडेतीन लाख आहेत. हरभट रोडच्या आतल्या बाजूला १० बाय १४ चा गाळा मिळतोय, भाडं ९,०००, अनामत १ लाख. दुसरा पर्याय म्हणजे विश्रामबागेत घरीच टेबल मांडून पुण्या-मुंबईची आणि जमली तर परदेशातली कामं घ्यायची. दोन्हीकडचं खरं गणित काय? 'मनाचं ऐका' छाप सल्ले नकोत, आकडे द्या.

भडंग_जादा_तिखट
पहिला आकडा घ्या. रोज ६ कट चहा × १० रुपये × २६ दिवस = १,५६०. दुकान टाकणारा हा खर्च कधीच धरत नाही.

शाईवाला
डिझाईन विकायला दुकान टाकत असाल तर थांबा. पेठेतल्या गाळ्यात विकली जाते झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन आणि ऑनलाईन फॉर्म. डिझाईन गिऱ्हाईक फुकटात धरतं. पत्रिका हजार छापून घेणाराही डिझाईनचे पाचशे वेगळे लावले की उठून शेजारी जातो.

शटर उघडायचा खर्च मांडू (अंदाजाचे आकडे आहेत, तुमचे घाला). भाडं ९,०००, वीज ३,०००, काउंटरला एक माणूस ११,०००, नेट ८००, मशीनची झीज-दुरुस्ती ४,०००. झाले २७,८००. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला साधारण १,०७०. आता झेरॉक्स. ५०० कागदांचा रीम २५० ला पडला तर कागद ५० पैसे, टोनर २५, ड्रम-ब्लेडची (मशीनमधला छाप उठवणारा रोल आणि त्याची पुसणी) झीज १५-२०, शिवाय वाया गेलेली पानं. २ रुपयांना पान दिलं तर हातात एक रुपया. म्हणजे नुसता खर्च भागायला रोज हजारावर पानं निघाली पाहिजेत. तुमचा पगार त्याच्या पुढे सुरू होतो.

आणि हजार पानं छोट्या टेबलावरच्या लेसरवर काढू नका. १२ए कार्ट्रिज (छोट्या लेसरची टोनरची डबी) २,००० पानांचं म्हणतात, ते ५ टक्के कव्हरेजला, म्हणजे पानाच्या तेवढ्याच भागावर टोनर लागला तर. सातबारा, आधार, फोटो चिकटवलेला फॉर्म असला की कव्हरेज १५-२० वर जातं आणि तेच कार्ट्रिज ५००-७०० पानांत संपतं. रीफिल करणारा वेस्ट टोनरचा कप्पा रिकामा न करता नुसती पावडर भरून देतो, मग पानावर उभ्या काळ्या रेघा. ठिपका दर साडेसात सेंटीमीटरला परत येत असेल तर ड्रम गेला, पुसून उपयोग नाही. झेरॉक्सचाच धंदा असेल तर चालू स्थितीतली मोठी जुनी मशीन घ्या. घेताना मीटर रीडिंग बघा, फ्युजर (टोनर तापवून कागदावर पक्का करणारा भाग) आणि ड्रम कधी बदललाय ते विचारा, आणि दोन्ही बाजूंनी सलग १०० पानं काढून बघा. पाच-दहा पानांच्या डेमोत गरम झालेला फ्युजर कळत नाही.

रात्रपाळी
शाईवाल्यांनी दुकान सोलून ठेवलंय, पण फ्रीलान्सलाही कुणी गोड समजू नये. घरी बसून ८ तास काम केलं तरी बिल लागतं ४ तासांचं. बाकीचे कोटेशन, फोन, दुरुस्त्या आणि वसुली खातात. २५ दिवस × ४ = महिन्याला १०० तास. घरी ३०,००० न्यायचे आणि खर्च ६,००० (नेट, सॉफ्टवेअर, वीज, कॉम्प्युटरची झीज), तर तासाचा दर निघतो ३६०. लोगोला तीन वेळा दुरुस्ती धरून ६ तास लागतात, म्हणजे २,१६० च्या खाली घेतला की खिशातून. हे गणित न करता ५०० ला लोगो देणाऱ्याला काम भरपूर असतं आणि पैसे नसतात.

फ्रीलान्समध्ये चित्र काढणं सोपं, शिस्त अवघड. ५० टक्के आगाऊ. दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून तासाने. प्रूफ कमी रिझोल्यूशनचं आणि वर आडवा वॉटरमार्क. मूळ, बदल करता येणारी सीडीआर किंवा एआय (कोरल, इलस्ट्रेटरची) फाईल पूर्ण पैसे जमा झाल्यावर, आणि ती देणार की नाही हे कोटेशनमध्येच लिहायचं. भांडणं ९० टक्के याच एका ओळीवरून होतात.

भडंग_जादा_तिखट
९० टक्के मोजले कुणी?

रात्रपाळी
बरं, "बरीचशी". खूश?

सातारी_कंदी
शाईवाल्यांशी अर्धाच सहमत. दुकानाचा एक गुण कुणी लिहिला नाही: पैसे काउंटरवरच येतात. ५० रुपयांच्या कामाला पाठपुरावा नसतो. फ्रीलान्सला ५,००० चं बिल असतं आणि त्यामागे आठ फोन. दुसरं असं की, सातारा-सांगलीकडच्या गिऱ्हाइकाला ऑपरेटरशेजारी खुर्ची टाकून बसायचं असतं. "नाव जरा मोठं करा, आजोबांचा फोटो वर घ्या." व्हॉट्सॲपवर दोन दिवस चालणारं काम समोर बसून पाऊण तासात संपतं. पत्रिका, उद्घाटन, दहाव्याचं कार्ड ही कामं अशीच होतात.

फक्त मंडळांना उधारी नको. गणपतीची पावतीपुस्तकं उधार दिली की पैसे पुढच्या गणपतीत.

तंबोरा_मिरज
विजेचं बोला की कुणीतरी. लेसर आणि झेरॉक्स मशीन घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही. फ्युजर तापताना छोटा लेसरसुद्धा ६०० ते १,००० वॅट ओढतो, मोठी मशीन त्याहून जास्त. ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरची ताकद साधारण ७०० वॅटची. मशीन सुरू केली की ट्रिप, कॉम्प्युटर बंद, अर्धी पत्रिका गायब. कॉम्प्युटर आणि राऊटर यूपीएसवर ठेवा, प्रिंटर सरळ मेनवर. गाळा बघायला जाल तेव्हा मीटरचा मंजूर भार आणि अर्थिंग तपासा. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नावालाच आहे.

घरून करणार असाल तर एक सोय आहे. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय केला आणि वापर महिन्याला ३०० युनिट, वर्षाला ३,६०० युनिटच्या आत राहिला, तर महावितरणच्या दर-आदेशात घरगुती दरच धरतात. गाळ्याला पहिल्या युनिटपासून व्यापारी दर.

गाळा_नं_७
हे ३०० युनिटचं माहीत नव्हतं, आभार. गाळ्याचा करार ११ महिन्यांचा साध्या स्टॅम्पवर करू म्हणतोय मालक. चालेल का?

हिशेबनीस
नाही चालणार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृतच लागतं, ११ महिन्यांचं असलं तरी. नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवलं नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरतात. हे मालकाला शांतपणे सांगा, लगेच तयार होतो. खर्च फार नाही. ३६ महिन्यांचा करार धरा: भाडं ३,२४,०००, अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने तीन वर्षांचं ३०,०००, एकूण ३,५४,००० वर पाव टक्का, म्हणजे ८८५ रुपये मुद्रांक. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ११-११ महिन्यांचे तुकडे करण्यापेक्षा तीन वर्षांचा करा आणि भाडेवाढ आत्ताच लिहून घ्या. दुकान चालायला लागलं की गाळ्याची किंमत मालकालाही कळते.

बाकी कागद:

दुकाने व आस्थापना कायदा २०१७ खाली वीसपेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणी लागत नाही, व्यवसाय सुरू केल्यापासून ६० दिवसांत ऑनलाईन सूचना द्यायची. व्यवसाय कर वर्षाला २,५००, तो दुकान असो वा घर. पाटी मराठीत, देवनागरी अक्षरं आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नकोत.

जीएसटीत लोक गोंधळतात. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला. दुकानात वह्या-पेनं आणि सोबत डिझाईन, टायपिंग असलं की सेवा आली आणि मर्यादा २० लाख. मोठ्या गिऱ्हाइकाने आग्रह केला म्हणून हौसेनं नंबर काढू नका. आणखी एक खाच: तुम्ही नोंदणीकृत आणि गाळामालक नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे मालकाऐवजी, तुम्ही भरायचा. ९,००० वर दरमहा १,६२०. नेहमीच्या नोंदणीत तो क्रेडिटला मिळतो (तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतो), पण आधी रोख भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरणाऱ्या लहान धंद्यांना) यातून वगळलंय.

आयकराला दुकान आणि डिझाईन दोन्ही अनुमानित उत्पन्नात बसवता येतं: जुन्या कायद्यातलं ४४ एडी, रोखीच्या जमेवर ८ आणि बँकेतून आलेल्या जमेवर ६ टक्के नफा धरून. फ्रीलान्सर सरसकट ४४ एडीए लावतात, ५० टक्के नफ्याचं. ते कायद्यात नाव असलेल्या व्यवसायांना आहे. ग्राफिक डिझाईन त्या यादीत नावानिशी नाही, इंटिरियर डेकोरेशन आहे. तुमचं काम कशात बसतं ते सीएकडून एकदा ठरवून घ्या, दरवर्षी उडी मारू नका. ४४ एडीतून मध्येच बाहेर पडलं की पुढची पाच वर्षं परत येता येत नाही.

भडंग_जादा_तिखट
हिशेबनीस, फी किती झाली? उधार लिहा, मी मंडळाचा कार्यकर्ता आहे.

शुद्धलेखन_पोलीस
धागाकर्ते, "मराठी टायपिंग हातात बसलंय" हे वाक्य तपासून घ्या. कुठल्या फॉन्टात? गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये. पेठेतल्या जुन्या कोरलमध्ये चालतात श्रीलिपी, कृतिदेव असे युनिकोडमध्ये न बसणारे फॉन्ट. मध्ये कन्व्हर्टर आला की "ऱ्या", "ऱ्ह", "द्ध", अवतरणचिन्हं आणि आकडे यांची वाट लागते. "सौ. काशीबाई यांच्या दुसऱ्या चिरंजीवाचा" मधला "ऱ्या" तुटून आला आणि कुणी पाहिलं नाही, तर ५०० पत्रिका रद्दीत आणि खर्च तुमचा. कन्व्हर्ट केल्यावर हे पाच शोधून बघायचे, मग प्रिंट काढून गिऱ्हाइकाची सही घ्यायची. सही स्क्रीनवर नको, कागदावर.

छपाईला फाईल पाठवताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे चित्ररूपात (कोरलमध्ये कंट्रोल+क्यू), नाहीतर समोरच्याकडे फॉन्ट नसला की चौकोन. रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांत), चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), फोटो ३०० डीपीआय (इंचाला ठिपके). फ्लेक्सला पूर्ण मापात ७२ ते १०० डीपीआय भरपूर. १० बाय ८ फुटांचा बॅनर ३०० ने केला तर फाईल उघडतानाच चहा पिऊन होतो.

शाईवाला
पोलिसांना सलाम. कर्व्ह करण्याआधी मूळ फाईलची एक प्रत वेगळी ठेवा हेही लिहा. तारीख बदलायची वेळ आली की कर्व्हमधलं अक्षर टाईप करता येत नाही.

अवांतर, पण दुकान टाकणाऱ्याला लागतं: निवडणुकीत पत्रकं छापणार असाल तर लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ ए. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावं-पत्ते हवेत. प्रकाशकाकडून सही केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोन जणांच्या सह्यांसह. छापून झाल्यावर त्याची एक प्रत पत्रकाच्या नमुन्यासोबत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. "नाव टाकू नको, बघून घेतो" म्हणणारा नंतर फोन उचलत नाही.

कृष्णाकाठ
सगळे आकडे आले, एकच राहिला: ४५. आयर्विन पुलाखाली कृष्णेची ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं, २०२१ च्या जुलैत ५४ च्या पुढे. हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक दोन्ही वेळा पाण्यात. धागाकर्ते तळमजल्याचा गाळा बघताहेत.

गाळा घेण्याआधी शेजारच्या जुन्या दुकानदाराला भिंतीवर २०१९ ची खूण विचारा. हात वर करून दाखवेल. मग मचाण कितीही उंच बांधलं तरी काय उपयोग ते कळेल. इथे एकच नियम चालतो: ३५ फुटांना तयारी, ४० ला माल बाहेर. ४५ ची वाट बघितली तर छोटा हत्ती मिळत नाही, मिळाला तर भाडं तिप्पट. मोठी झेरॉक्स मशीन ६०-८० किलोच्या घरात असते, तीन माणसं लागतात. हलवण्याआधी टोनर आणि वेस्ट बॉटल काढा, स्कॅनरचा लॉक लावा, मशीन आडवी करू नका. नाहीतर पुरातून वाचलेली मशीन टोनर सांडून मरते. कागद सगळ्यात शेवटी, तो परत विकत मिळतो.

विमा काढाच. लहान दुकानांना २०२१ पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे आहे, पूर त्यात मुळातच धरलेला. रक्कम कमी लावून हप्ता वाचवू नका. १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढे दावा त्या प्रमाणात कापतात. मशीनची बिलं आणि मालाचे फोटो दुकानाबाहेर ठेवा, म्हणजे मेलवर. भिजलेली बिलं वाळत घालून सर्व्हेयर खूश होत नाही. आणि विजेच्या झटक्याने बोर्ड जळाला तर तो यात नाही, त्याचं वेगळं.

गाळा_नं_७
खूण विचारून आलो. मालक म्हणतो "थोडंसं आलं होतं". शेजारच्याने शटरच्या वरच्या पट्टीला बोट लावलं.

सातारी_कंदी
थोडंसं! सांगलीकरांचा नादच खुळा.

रात्रपाळी
मग घरच्या पर्यायाचं राहिलेलं लिहितो. परदेशी कामात दिसणारा दर आणि हातात येणारा दर वेगळा. एका मोठ्या प्लॅटफॉर्मचा कट २० टक्के, १०० डॉलरचे ८० होतात, वर रुपयांत बदलतानाचा फरक. बँकेकडून परकीय चलन जमा झाल्याचा दाखला प्रत्येक रकमेचा घ्या, वर्षअखेरीला मागितला तर शोधत बसतात. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाची सकाळ आपल्या संध्याकाळी सुरू होते. दुरुस्त्यांच्या फेऱ्या रात्री १२ पर्यंत जाणार हे घरात आधी सांगा.

कॉपीराईटचीही एक ओळ बिलावर हवी. फ्रीलान्सरने केलेल्या लोगोचा हक्क आपोआप गिऱ्हाइकाकडे जातो असं सगळे धरून चालतात. हस्तांतर लेखी लागतं, आणि मुदत-प्रदेश लिहिला नाही तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत धरतो. "पूर्ण रक्कम मिळाल्यावर कायमस्वरूपी, जगभरासाठी हस्तांतर" असं लिहून दिलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं आणि उरलेली रक्कमही लवकर येते.

हिशेबनीस
कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांची लेबलं, कॅटलॉग केले तर वसुलीला एक हत्यार आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) करा. ती ऑनलाईन फुकट होते, दोन हजार मागणाऱ्याला देऊ नका. नोंदवताना सेवा म्हणून नोंदवा, व्यापार म्हणून नको, कारण व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही. सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. उशिराला बँक दराच्या तिप्पट व्याज. शिवाय मार्चअखेर मुदत उलटून थकलं तर तो खर्च त्या कंपनीला त्या वर्षी आयकरात मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या अकाउंट्सला एक नम्र मेल टाका.

टीडीएस (बिलातून आधीच कापला जाणारा आयकर): नुसतं डिझाईन असेल तर बहुतेक कंपन्या १० टक्के कापतात, छपाईसकट काम दिलं तर कंत्राट म्हणून १. दोन्हीची बिलं वेगळी करा आणि आयकर पोर्टलवरच्या करजमेच्या उताऱ्यात (जुना २६ एएस) जमा दिसतंय का ते तिमाहीला बघा.

तंबोरा_मिरज
हे सगळं वाचून मधला रस्ता दिसतो. पहिल्या मजल्यावर आठ बाय दहाची खोली, झेरॉक्स नाही, एक रंगीत प्रिंटर फक्त प्रूफला. छपाई बाहेरून करून घ्यायची.

शाईवाला
पहिल्या मजल्यावर चालतं गिऱ्हाईक चढत नाही. पण ते झेरॉक्सचंच गिऱ्हाईक, ते नको असेल तर उत्तमच. माझ्या हिशेबात भाडं ३,५००, वीज ८००, नेट ८००, काउंटरला माणूस नाही: महिन्याला ५,१०० मध्ये दार उघडतं. एक गोष्ट सांभाळा, छपाई बाहेरून करताना प्रेसवाल्याचं बिल आणि तुमचं बिल यांच्यात फक्त कमिशन ठेवू नका. डिझाईनची ओळ वेगळी लिहा, भले दर कमी असेल. एकदा फुकट दिलं की पुढच्या वर्षी तेच गिऱ्हाईक फुकटच धरतं.

सातारी_कंदी
+१. आणि शेजारी बसायची खुर्ची एकच ठेवा. दोन ठेवल्या तर पत्रिकेला मामा पण येतो, आणि मामाला फॉन्ट आवडत नाही.

गाळा_नं_७
हरभट रोडच्या मालकाला नाही कळवलं. विश्रामबागेत शंभर फुटी रोडच्या बाजूला पहिल्या मजल्यावरची एक खोली बघून आलो, ४,०००, अनामत २५,०००. नोंदणीकृत कराराला मालक तयार आहे. अर्थिंग बघायला टेस्टर नेला होता.

तंबोरा_मिरज
टेस्टरने अर्थिंग कळत नाही हो. वायरमनला नेऊन मल्टीमीटरने बघा, फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. लोड टाकून मोजा, रिकाम्या लाईनवर सगळंच बरोबर दिसतं.

भडंग_जादा_तिखट
चहाचा गाडा खाली आहे का तेवढं सांगा, १,५६० कायम राहू देत.